आवाजाचा रहाट

कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम ऐन रंगात आलाय. तुमची गाडी वळणावर आहे, मागून दुसरी अगदी चिकटून येतेय, आणि एकदम सगळं गोठतं! माऊस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, गाडी अर्ध्या वळणावर तशीच्या तशी. पण एक गोष्ट थांबलेली नसते. आवाज! इंजिनाच्या घरघरीचा एक इवलासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. टर्रर्रर्रर्र... थेट बटण दाबून मशीन बंद करेपर्यंत.

आता सांगा, हा आवाज कोण वाजवतंय? गेम तर बंद पडलाय. पडद्यावरचं चित्र हलवायलाही कुणी उरलेलं नाही. मग स्पीकरला एवढ्या नेमाने आवाज पुरवणारा हा कोण?

त्याला भेटायचं तर कॉम्प्युटरच्या पार तळाशी उतरावं लागेल. आपण जी ॲप्स वापरतो ती सगळी वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना स्पीकर, माइक, कीबोर्ड यांपैकी कशालाही थेट हात लावायची परवानगी नसते. हात लावू शकतो तो फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि कर्नलमध्ये प्रत्येक यंत्राची नस ओळखणारा एकेक प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. आज आपण आवाजाच्या ड्रायव्हरला भेटणार आहोत. उदाहरण घेऊ लिनक्स या कर्नलचं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. तुमच्या घरात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. लिनक्सचं सगळं लिखाण कुणालाही उघडून वाचता येतं, म्हणून तर त्याच्या आत डोकावणं आपल्याला जमतं.

आधी हे बघू, की कॉम्प्युटरच्या दृष्टीने आवाज म्हणजे काय. तर निव्वळ आकडे! आवाज म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. माइक त्या थरथरीची वीज करतो, आणि एक चिप त्या विजेचं माप घेत राहते. किती वेळा? सेकंदाला साधारण ४८,००० वेळा. प्रत्येक माप म्हणजे एक नमुना, आणि तो असतो उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यातला एखादा आकडा. वाजवताना हेच उलटं होतं. चिप आकडे घेते, त्यांची वीज करते, आणि ती वीज स्पीकरचा पडदा मागेपुढे हलवते. ही दोन्ही कामं करणाऱ्या चिपचं नाव कोडेक.

एवढी मापं का, तर माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० पर्यंतची थरथर ऐकू येते, आणि कुठलीही थरथर नीट टिपायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मापं घ्यावी लागतात. २०,००० ची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी मोकळीक. डाव्या कानासाठी एक नमुना आणि उजव्यासाठी एक, अशा जोडीला फ्रेम म्हणतात. एक नमुना दोन बाइट, एक फ्रेम चार बाइट. म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट आणि तीन मिनिटांच्या गाण्याला ३ कोटी ४५ लाख ६० हजार!

खरी अडचण आकड्यांच्या या ढिगाची नाही. एवढे आकडे कॉम्प्युटर सहज हलवतो. अडचण आहे वेळेची. कोडेकला दर सेकंदाच्या अठ्ठेचाळीस हजाराव्या भागाला पुढची फ्रेम हवी म्हणजे हवीच. एक पान उघडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर आपण वाट बघतो. फोटो उशिरा दिसला तरी तो फोटोच असतो. आवाजाचं तसं नाही. एक फ्रेम वेळेवर पोचली नाही, तर तिच्या जागी भोक पडतं आणि आपल्या कानाला ‘टक्’ असं लगेच कळतं. आणि ॲप्स तर सारखी उशीर करतात! एका प्रोसेसरवर शेकडो कामं आळीपाळीने चालतात, गाण्याच्या ॲपची पाळी येईपर्यंत कधी दोन मिलिसेकंद जातात, कधी वीस. एकीकडे कधीही न थांबणारी चिप, दुसरीकडे कधीही वेळ न पाळणारी ॲप्स. ड्रायव्हरने या दोघांचं जमवायचं आहे.

यासाठी जी युक्ती वापरतात ती तुम्ही विहिरीवर पाहिली असेल, निदान चित्रात तरी. रहाटगाडगं! गोल चाक, त्यावर गाडग्यांची माळ. एकीकडे गाडगी भरतात, दुसरीकडे रिकामी होतात, आणि रिकामं झालेलं गाडगं पुन्हा भरायला जातं. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या मेमरीत थोडी जागा राखून ठेवतो, तिला म्हणतात रिंग बफर. तिचे सारखे भाग पाडतो. समजा चार गाडगी आहेत आणि प्रत्येक गाडग्यात ४८० फ्रेम मावतात. ४८० फ्रेम म्हणजे बरोबर १० मिलिसेकंदांचा आवाज. चार गाडग्यांत मिळून १,९२० फ्रेम, ४० मिलिसेकंद. ॲप गाडगी भरत जातं, कोडेक ती रिकामी करत जातो. शेवटचं गाडगं संपलं की पुन्हा पहिलं. फरक एवढाच की विहिरीवर गाडगी फिरतात. इथे गाडगी जागच्या जागी असतात आणि दोन खुणा त्यांच्यावरून फिरतात. ‘इथपर्यंत भरलं’ ही ॲपची खूण, आणि ‘इथपर्यंत वाजलं’ ही यंत्राची.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. मेमरीतून कोडेककडे आकडे वाहून कोण नेतं? तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर. छे! सहसा ड्रायव्हर एकही आकडा उचलत नाही. त्या कामासाठी वेगळी यंत्रणा असते, तिला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर तिला सुरुवातीलाच सांगून ठेवतो, की बफर इथून सुरू होतो, एवढा लांब आहे, आणि टोकाला पोचलीस की पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. मग तो म्हणतो, ‘चल!’ लिनक्समध्ये या ‘चल’ला ट्रिगर म्हणतात. त्यानंतर डीएमए मुख्य प्रोसेसरला न विचारता, न थांबता, एकेक फ्रेम कोडेकला देत सुटते.

आणि ड्रायव्हर काय करतो? गप्प बसतो. एक गाडगं रिकामं झालं की यंत्र प्रोसेसरला टोचणी देतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून ड्रायव्हरला उठवतो. ड्रायव्हर कर्नलच्या आवाज विभागाला कळवतो, ‘एक गाडगं संपलं.’ विभाग लगेच विचारतो, ‘नक्की कुठे आहेस तू आत्ता?’ ड्रायव्हर यंत्राकडे बघून नेमकी जागा सांगतो. बफरमध्ये जागा झाली हे कळल्यावर झोपलेल्या ॲपला हाक जाते, ‘ऊठ, भर!’ झालं. सेकंदाला ४८,००० फ्रेम वाजतात, पण ड्रायव्हर उठतो फक्त १०० वेळा. आणि उठल्यावर त्याला रेंगाळायची मुभा नसते. त्या वेळात तो कशाचीही वाट बघू शकत नाही, कारण तो थांबला तर त्याच्यासाठी खोळंबलेला प्रोसेसरही थांबला. मला या ड्रायव्हरचं फार कौतुक वाटतं ते यासाठीच. कामाची एवढी नेटकी मांडणी करून ठेवायची, की स्वतःला फक्त मोजदाद उरावी.

आता त्या गोठलेल्या गेमकडे वळू. तुम्हाला उत्तर सुचलंही असेल! कॉम्प्युटर पुरता गोठतो तेव्हा गेम थांबतो, कर्नल थांबतो, ड्रायव्हरही उठत नाही. पण डीएमएला ‘थांब’ म्हणायला कुणी शिल्लकच नसतं. ती आपली गोल गोल फिरत राहते. गाडगी भरायला कुणी येत नाही, म्हणून तीच जुनी घरघर पुन्हा पुन्हा कोडेककडे जाते. ४० मिलिसेकंदांचा बफर असेल तर तो तुकडा सेकंदाला २५ वेळा वाजतो, म्हणून ‘टर्रर्र’. बफर अर्ध्या सेकंदाचा असेल तर ‘चल-चल-चल-चल’ असा अडखळलेला शब्द ऐकू येतो. सिस्टिम विंडोज असो की लिनक्स, रहाट दोन्हीकडे असाच असतो.

एरवी, म्हणजे कर्नल ठणठणीत असताना एखाद्या ॲपने गाडगं वेळेवर भरलं नाही, तर असं होत नाही. कर्नलच्या लक्षात येतं, की वाजवण्याची खूण भरण्याच्या खुणेला येऊन टेकली, आता पुढे शिळाच आवाज आहे. मग तो रहाट थांबवतो आणि ॲपला सांगतो, नव्याने तयारी कर. आपल्याला ऐकू येतं ते ‘टक्’ आणि क्षणभराची शांतता. याला अंडररन म्हणतात.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगत होते. तिने लगेच विचारलं, “मावशी, मग भलीमोठी गाडगी ठेवायची ना! दहा सेकंदांची ठेवली तर कधीच टक् होणार नाही.”

प्रश्न पक्का होता. गाणं नुसतं ऐकायचं असेल तर खरंच मोठा बफर चालतो, आणि तसा ठेवतातही. प्रोसेसरला वारंवार उठावं लागत नाही, फोनची बॅटरीही वाचते. पण तुम्ही फोनवर तबल्याचं ॲप वाजवताय असं समजा. बोटाने पडद्यावर थाप मारली, की तो ‘धा’ आधीच भरून ठेवलेल्या गाडग्यांच्या मागे रांगेत उभा राहणार. दहा सेकंदांचा बफर असेल तर आत्ता मारलेली थाप ठेका संपल्यावर ऐकू येईल! ४० मिलिसेकंदसुद्धा तबलजीला खटकतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे पावणेचौदा मीटर जातो, म्हणजे तबला समोर असून त्याचा बोल खोलीबाहेरून आल्यासारखा लागतो. म्हणून वाद्यांच्या ॲपला इवलीशी गाडगी लागतात, आणि गाडगं जितकं लहान तितकं ते वेळेत भरणं कठीण. सगळ्यांना चालेल असं एकच माप नाही. ॲप आपली गरज सांगतं, ड्रायव्हर यंत्राला काय झेपतं ते सांगतो, आणि दोघांच्या बोलण्यातून गाडग्याचा आकार ठरतो.

आतापर्यंत आपण आवाज वाजवत होतो. टिपताना रहाट उलटा चालतो. माइककडून आलेले आकडे डीएमए गाडग्यांत भरते आणि रेकॉर्डिंगचं ॲप ती रिकामी करतं. बाकी सगळं तसंच. चार गाडगी, दोन खुणा, दर गाडग्याला एक टोचणी. पण एक फरक मला फार मोठा वाटतो. वाजवताना ॲपला उशीर झाला तर गाण्याचे आकडे ॲपजवळ असतातच, ते जरा उशिरा वाजतील इतकंच. टिपताना उशीर झाला तर सगळी गाडगी काठोकाठ भरतात, नव्या आवाजाला जागाच उरत नाही. त्याला ओव्हररन म्हणतात. त्या क्षणी आजी जे बोलली, पक्षी जे ओरडला, ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. पुन्हा मिळण्याचा काही मार्गच नाही. म्हणून आवाज टिपणारे अनुभवी लोक रेकॉर्डिंगसाठी बफर हात राखून न ठेवता ऐसपैस ठेवतात.

लिनक्समध्ये हे सगळं सांभाळणाऱ्या विभागाचं नाव आल्सा. त्याची सुरुवात एका कार्डापासून झाली. यारोस्लाव किसेला नावाच्या चेक प्रोग्रॅमरने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या साउंड कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला होता, आणि त्याच्याच पायावर १९९८ साली आल्साचं काम सुरू झालं. लिनक्समध्ये आवाजाची सोय त्याआधीही होती, हानू सावोलाइनन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरच्या कामातून आलेली. पण नव्या कार्डाला त्याहून जास्त काही येत होतं. एका कार्डाचं काम वाढत वाढत सगळ्या कार्डांसाठीची चौकट झालं, आणि २००२ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये सामील झाली. पुढे ताकाशी इवाई यांनी या चौकटीची वर्षानुवर्षं देखभाल केली, आणि आल्सासाठी ड्रायव्हर कसा लिहावा याचं एक सविस्तर मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. ते कुणालाही फुकट वाचता येतं.

या चौकटीतला मला सगळ्यात आवडणारा कोपरा म्हणजे यूएसबी हेडफोनचा ड्रायव्हर. यूएसबीची तार साध्या वेगाने चालते तेव्हा दर मिलिसेकंदाला एक पाकीट जातं, सेकंदाला १,०००. एका कानाचे नमुने सेकंदाला ४८,००० असतील तर हिशेब सोपा आहे, दर पाकिटात ४८. पण गाण्यांच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. भागा बघू १,००० ने. ४४.१! आता पाकिटात एक दशांश नमुना कसा घालायचा? घालता येत नाही. मग ड्रायव्हर नऊ पाकिटांत ४४ नमुने घालतो आणि दहाव्यात ४५. करा बेरीज. नऊ गुणिले ४४ म्हणजे ३९६, अधिक ४५ म्हणजे ४४१. बरोब्बर! आणि कर्नलमध्ये सहसा दशांश अपूर्णांक वापरतच नाहीत, फक्त पूर्णांक. म्हणून ड्रायव्हर सगळ्याला ६५,५३६ ने गुणून घेतो आणि जे उरतं ते हातचं धरून पुढच्या पाकिटाच्या हिशेबात मिळवतो. तिसरीत शिकलेला हातचा, तुमच्या हेडफोनमध्ये!

बरं, हा ४४,१०० असला आडनिडा आकडा आला कुठून? १९७० च्या दशकात आवाजाचे आकडे साठवायला सोयीची गोष्ट होती व्हिडिओ टेप. टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने लिहायचे, एका अर्ध्या चित्रात २४५ ओळी वापरायच्या, आणि सेकंदाला अशी अर्धी चित्रं ६०. गुणाकार ४४,१००. युरोपातल्या आणि भारतातल्या टीव्हीवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असत, तिथे २९४ ओळी वापरायच्या. करून बघा, तोच आकडा येतो! १९८२ मध्ये सीडी आली तीही हाच आकडा घेऊन, आणि त्या जुन्या टीव्हीच्या ओळींपायी आजचा ड्रायव्हर नऊदा चव्वेचाळीस आणि एकदा पंचेचाळीस मोजत बसतो.

एक कोडं देते. टेबलावर यूएसबी माइक आहे आणि लॅपटॉपला स्पीकर आहे. माइकमध्ये आलेला आवाज जसाच्या तसा स्पीकरला द्यायचा. दोघंही सांगतात, ‘मी सेकंदाला ४८,००० वर चालतो.’ एकाच्या रहाटातून उचला, दुसऱ्याच्या रहाटात टाका. सोपं वाटतं ना? पण दोघांच्या पोटात वेगवेगळे स्फटिक असतात, त्यांच्या कंपनांवर त्यांचं घड्याळ चालतं, आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा माइक खरं तर ४८,००१ वर चालतोय. म्हणजे दर सेकंदाला एक फ्रेम जास्त. आपला बफर १,९२० फ्रेमचा. तेव्हा १,९२० सेकंदांत, म्हणजे ३२ मिनिटांत, रहाटाच्या अख्ख्या फेरीइतका आवाज तुंबणार! त्याच्या आतच कधीतरी ‘टक्’. ऑनलाइन वर्ग तासभर चालतो, तरी आपल्याला हे ऐकू येत नाही, कारण वरच्या मजल्यावरचा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या खुणा सतत तपासतो आणि आवाज अगदी किंचित ताणतो किंवा आवळतो. तुमच्या स्पीकरमधून आलेला बाईंचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरून त्यांना परत ऐकू जाऊ नये, यासाठीही असाच हिशेब लागतो. कुठला आवाज नेमका केव्हा वाजला आणि केव्हा टिपला गेला, हे ठाऊक असेल तरच तो वजा करता येतो. हे सगळे हिशेब ज्यावर उभे असतात तो आकडा ड्रायव्हरनेच दिलेला असतो, ‘आत्ता मी इथे आहे’. तो जरा जरी चुकीचा सांगितला, तरी वरच्या सगळ्यांची गणितं चुकतात.

शाळेत किंवा घरी लिनक्सचा कॉम्प्युटर असेल तर हा रहाट तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल. एखादं गाणं लावा. मग ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात जा, त्यात ‘असाउंड’, त्यात ‘कार्ड’ आणि पुढे आकडा. नावं इंग्रजी अक्षरांत असतात. आत ‘पीसीएम’ने सुरू होणारे फोल्डर दिसतील. ज्यांच्या शेवटी ‘पी’ आहे ते वाजवण्याचे, ‘सी’ आहे ते टिपण्याचे. एकेकाच्या आत ‘सब’ने सुरू होणारं फोल्डर असतं, त्यात शिरून ‘स्टेटस’ नावाची फाइल उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘क्लोज्ड’ असेल. जिथे ‘रनिंग’ दिसेल तिथे थांबा. खाली ‘एचडब्ल्यू_पीटीआर’ आणि ‘ॲप्ल_पीटीआर’ या नावांपुढे दोन मोठे आकडे असतील. पहिली यंत्राची खूण, दुसरी ॲपची. फाइल पुन्हा उघडलीत की दोन्ही आकडे वाढलेले दिसतील. आता कागद घ्या, दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि, रहाट सेकंदाला ४८,००० वर चालतोय असं धरून, उत्तराला ४८,००० ने भागा. भरून ठेवलेला पण अजून न वाजलेला आवाज किती सेकंदांचा आहे ते कळेल. मग गाणं बंद करून तोच प्रयोग एखाद्या गेमवर करा, आणि दोघांपैकी कोणाची गाडगी लहान निघाली ते आम्हाला लिहून कळवा.